माय हायवे ओलांडते

आधी माझीच फजिती सांगते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. मी शाळेत शिक्षिका आहे. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की हेडसर माइक माझ्याच हातात देतात, कारण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे पाहा," असं मी बारा वर्षं घसा फोडून सांगत आले. आणि तीच मी बारा वर्षं रोज सकाळी एका हातानं साडी वर धरून, दुसऱ्या हातात डबा घेऊन, डिव्हायडरच्या फुटक्या जागेतून हायवे पळत ओलांडत आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी मुलांना वाक्यात उपयोग करायलाही देते.

चंद्रपुरात आमची वस्ती हायवेच्या या बाजूला. शाळा, बुद्धविहार, भाजीबाजार, दवाखाना सगळं त्या बाजूला. रस्ता चार पदरी झाला तेव्हा आम्ही खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू. मग कोळशाचे ट्रक, लोहखनिजाचे ट्रक, बांबू लादलेले ट्रक, नागपूरच्या बसेस आणि या सगळ्यांच्या मधून सुसाट निघालेल्या मोटारसायकली असं सुरू झालं आणि आम्ही या काठाला अडकलो. सिग्नल चौकात, अर्ध्या किलोमीटरवर. अर्धा किलोमीटर जा, रस्ता ओलांडा, अर्धा किलोमीटर परत या, एवढा धीर कोणाला? कोणीतरी डिव्हायडरचे दोन ठोकळे सरकवले आणि ती आमची पायवाट झाली. समोर एकदा पांढरे पट्टे मारून गेले होते. ते पावसाळ्यात पुसले. त्याच जागी एक सायकलवाला भाजीविक्या गेला. त्याची एक चप्पल आठवडाभर डिव्हायडरवर पडून होती आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून शाळेत, कामावर, बाजारात जात होतो. मी दोन अर्ज केले. दोन्हींची पोच माझ्या कपाटात आहे.

अशा ठिकाणी मी माझ्या मायला राहायला आणलं.

आमचं गाव चिमूरकडे, जंगलाला अगदी लागून. माय जन्मभर उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेली. मोह वेचायला एकटं जात नाहीत, बायांचा जत्था जातो, आणि त्याची रीत ठरलेली असते. पुढं काठीवाली. मागं सगळ्यात जाणती. नवख्या आणि पोरी मधात. वाटेत मोठमोठ्यानं बोलायचं, भांडण असलं तरी चालेल, कारण वाघाला आपण येतोय हे आधी कळलं पाहिजे. बाकीच्या खाली वाकून फुलं वेचतात तेव्हा एकीनं उभं राहून राखण करायची, कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. वाघ दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, ताठ उभं राहून त्याच्याकडे पाहायचं. राखणवालीनं "थाम!" म्हटलं की उचललेला पाय तिथंच. आणि जंगलातून बाहेर आल्यावर मागची बाई एकेकीच्या खांद्याला हात लावून डोकी मोजणार. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्या जत्थ्यात मधात चालले आहे.

गेल्या उन्हाळ्यात मायची मोजणी एकानं कमी भरली. सगळ्यात मागं चालणारी जाणती तीच होती. तिच्या लहानपणच्या मैत्रिणीला वाघानं नेलं होतं. तरी या वर्षी मोह गळायची वेळ जवळ आली तशी माय पुन्हा टोपली दुरुस्त करायला बसली. गावात राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाचा फोन आला, "बाई, तू घेऊन जाय तिले. ती माह्यं ऐकत नाई. वाघ अजून नाल्यातच हाये." मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंच होतं, तेवढं निमित्त पुरलं. माझा नवरा नोकरीला एटापल्लीला, पंधरा दिवसांतून एकदा येतो. घरात मी एकटीच. मला तर आनंदच झाला, माय आता माझ्याजवळ राहणार!

ऑपरेशन झालं, डोळा उघडला, आणि पंधराव्या दिवशी मायनं विचारलं, "विहार कुठी हाये?"

विहार रस्त्यापलीकडे. उन्हाळ्याची शाळा सकाळची, साडेसातची, आणि विहारात बुद्धवंदना सातला. मी तिचा हात धरून, ओढत ओढत, धावत तिला पलीकडे न्यायची आणि बजावून सांगायची, "शाळा सुटेपर्यंत तिथंच बस. एकटी येऊ नको." वंदना अर्ध्या-पाऊण तासात संपायची आणि शाळा सुटायची साडेअकराला. आठ दिवस ती बसली. नवव्या दिवशी म्हणाली, "मले बांधून ठेवली का वं तू? वाघाच्या जंगलात मी आपल्या पायानं फिरत होती."

त्यानंतरचा मंगळवार. आठ वाजले होते. मी वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात भूमितीचा तास घेत होते आणि खिडकीतून हायवे दिसतो. फळ्याकडून वळले आणि मला रस्त्याच्या मधोमध पांढरी साडी दिसली. माझी माय! दुसऱ्या पदरात, अगदी मध्ये, हात बाजूला सोडून ताठ उभी. आणि तिच्यासमोरून कोळशाचा ट्रक येत होता. ती हलत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती.

मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. मुलं सांगतात की मी खडू खिडकीबाहेर फेकला. ब्रेकचा असा आवाज आला की सगळा वर्ग उभा राहिला. ट्रक फरफटत आला, मागची कार त्याच्या ढुंगणावर आदळली, तिचा दिवा फुटला, धूर, धूळ, आणि धूळ खाली बसली तेव्हा ट्रकचं नाक मायपासून हातभर अंतरावर होतं. मी जिना कसा उतरले, गेट कसं ओलांडलं, देव जाणे. पोहोचले तेव्हा माय हसत होती. हो, हसत होती!

"थांबला का नाई?" ती मला म्हणाली. "पळली असती तं मांगं लागला असता."

मला रडू आलं, राग आला आणि हसूही आलं, तिन्ही एकदम. माय ट्रकसमोर वाघासमोर उभं राहावं तशी उभी राहिली होती. पळाली नाही, पाठ दाखवली नाही, नजर काढली नाही. आणि ट्रक थांबला! म्हणजे तिची विद्या खरी ठरली. उद्या ती पुन्हा उभी राहणार, परवा पुन्हा, आणि एक दिवस मी खिडकीतून पाहणार.

ट्रकवाला खाली उतरून रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता. भला माणूस, शिवी दिली नाही. चहा समोर तसाच ठेवून तो सारखा ट्रककडे पाहत होता. माय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, जिंकल्यासारखी.

"पाह्यलं ना तू मले? म्हनून थांबला ना?"

तो म्हणाला, "आजी, खरं सांगू का? मी तुमाले पाह्यलंच नाई. समोरून ऊन होतं, काचेवर सगळं पांढरं. डिव्हायडरपाशी गाय उभी होती, तिच्यासाठी ब्रेक लावून राह्यलो होतो मी. तुमी दिसल्या त्या शेवटी, अगदी शेवटी. गाय नसती तं..."

गाय अजून तिथंच उभी होती, शेपटीनं माशा हाकत. माय त्या गाईकडे पाहत होती. मग माझा हात तिनं स्वतःहून धरला. तिनं माझा हात स्वतःहून धरलेला मला लहानपणापासून आठवत नाही, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. रविवारी ये आणि तिला घेऊन जा, मला हे झेपत नाही. तो म्हणाला, "अन् इथी आली का मोह येचाले जाईन ते?" मी म्हटलं, वाघाच्या पुढ्यात निदान तिला काय करायचं ते कळतं. बोलून गेले आणि माझीच जीभ मला कडू लागली. मायनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्यानं मले पाह्यलंच नाई. वाघ पाह्यते वं. वाघ सगळ्यात आधी आपल्याले पाह्यते."

बुधवारी ती वंदनेला आली नाही. आमच्या बाजूला, त्या फुटक्या जागेसमोर कडुनिंबाला सिमेंटचा ओटा आहे, तिथं जाऊन बसली. काठी आडवी मांडीवर. मी शाळेतून आले तरी तिथंच. गुरुवारी तेच. शेजारणी मला विचारायला लागल्या, आजींची तब्येत बरी आहे ना? मी विचारलं, "माय, काय करून राह्यली?"

"पाहून राह्यली."

पाणवठ्यावर कोणतं जनावर कधी येतं हे ती बालपणापासून अशीच बसून शिकली होती. शुक्रवारी दुपारी भात वाढता वाढता तिनं मला हायवे शिकवला. मी, बारा वर्षांची अनुभवी, तोंड उघडं टाकून ऐकत होते. चौकातला सिग्नल सुटला की गाड्यांचा कळप येतो. कळप गेला की मध्ये रिकामी वेळ असते, सावकाश त्रिशरण म्हणून होईल एवढी. पण ती एकाच अंगाची. पलीकडच्या अंगाचा कळप वेगळ्या वेळी येतो, म्हणून मधात थांबावंच लागतं, आणि मधात थांबायचं तर ठोकळ्यांच्या आत, पाय बाहेर नाही. सकाळी तिकडून येणाऱ्याच्या डोळ्यावर ऊन असतं, तो आंधळा आहे असंच समजायचं. "अन् ते उलट्या बाजूनं येते ना फटफटीवाले, ते कोल्हे. त्यायच्यासाठी एकीनं नुसतं तिकडंच पाहाचं."

"एकीनं? कोणी?"

"एकट्यानं कोन जाते वं जंगलात?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी वरण वाढलं.

शनिवारी मला उशीर झाला. घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून मी धावत सुटले. माय ओट्यावर बसलेली दिसली, तिच्याशेजारी दोन-तीन बायाही उभ्या होत्या. मी थांबले नाही. कशाला थांबू, मला सवय होती! पहिल्या पदरात एका ट्रकवाल्यानं मला पाहून वेग कमी केला, थांबला, हातानं खूण केली, जा बाई. मी हसून मान डोलावली आणि त्याच्या नाकासमोरून पळाले.

"थाम!"

तो आवाज! पस्तीस वर्षांपूर्वीचा, मोहाच्या झाडाखालचा आवाज. माझ्या डोक्याला काही कळायच्या आत माझा पाय हवेत थांबला. आणि थांबलेल्या ट्रकच्या पलीकडून, मला दिसतच नव्हती अशा जागेतून, एक पांढरी कार सुसाट निघून गेली. माझ्या पदराला तिचा वारा लागला. पेपर उडाले. सातवी अ-चे बेचाळीस पेपर सगळ्या हायवेभर. मी खाली वाकणार तर पुन्हा आवाज आला, "वाकू नोको! मांगं ये!" मी मागे आले. ट्रकवाल्यानं दोन्ही हात डोक्याला लावले होते.

ओट्यावर बसून मी हमसून हमसून रडले, रस्त्यावर, चार बायांसमोर. माय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि शिव्याही देत होती. "शिकलेली हायेस ना वं तू? पुढचा थांबला म्हनून मांगचा थांबते का? एक रानडुक्कर गेलं का मांगं दुसरं असतेच. लहानपनी तुले सांगतलं नोतं का मी?" सांगितलं होतं. हजारदा सांगितलं होतं. मला ते जंगलासाठीच आहे असं वाटलं होतं. हसू नका, मी बी.एड. आहे.

पेपर कळप जाऊ देऊन, एकीला राखण ठेवून, आम्ही गोळा केले. तीन मिळाले नाहीत. त्या तीन मुलांना मी पैकीच्या पैकी दिले.

रविवार उजाडला. दादा येणार होता. मी सकाळपासून मायची बॅग काढते आणि परत ठेवते. तिला म्हणावं राहा, तर त्या दिवशीचा ट्रक डोळ्यासमोर येतो. जा म्हणावं, तर नाल्यातला वाघ येतो. ती मात्र सहाला आंघोळ करून, पांढरी साडी नेसून, काठीला लाल चिंधी बांधून निघाली. मी मागोमाग.

ओट्यापाशी माणसं उभी होती! घरकामाला जाणाऱ्या तिघी, विहारात येणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांना मी आजवर कोणाचंही ऐकताना पाहिलेलं नाही. मायनं घरकामवाल्यांतल्या दणकट बाईच्या हातात काठी दिली. "तू पुढं." दुसरीला सांगितलं, "तू फटफटीवाल्यायकडं पाहाजो, दुसरं काई पाहू नोको." पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, मी पुढं चालतो ना." माय म्हणाली, "भाऊ, तुमी मधात. तुमचा गुडघा दुखते." ते मुकाट्यानं मधात गेले. मी मागे उभी राहायला गेले, तर तिनं मला दंडाला धरून पुढं ढकललं.

"तूही मधात."

"माय, मी पंचेचाळीस वर्षांची आहे."

"काल पाह्यलं मी किती वर्साची हायेस ते."

तेवढ्यात समोरच्या बाजूला बस थांबली आणि दादा उतरला. मायचं सामान न्यायला आणलेली रिकामी पिशवी खांद्यावर, पिळदार मिशा, गावचा माजी सरपंच. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला आणि सरळ रस्त्यात पाय टाकला.

"थाम!"

दादाचा पाय हवेतच राहिला. चौकातून सुटलेला अख्खा कळप त्याच्यासमोरून धाडधाड निघून गेला आणि माजी सरपंच एका पायावर बगळ्यासारखे उभे. मला एवढं हसू फुटलं की पोस्टमास्तरांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

मग आमच्या अंगाचा कळप गेला. "चाला!" आम्ही निघालो. पळत नाही, चालत, सगळे मोठमोठ्यानं बोलत. काठीची लाल चिंधी पुढं. एक बस स्वतःहून हळू झाली आणि तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून पाहिलं. मधात ठोकळ्यांच्या आत थांबलो, पाय आत. बुद्धं सरणं गच्छामि, म्हाताऱ्या पुटपुटत होत्या. मग पुन्हा "चाला!", आणि पलीकडे! बारा वर्षांत हा रस्ता मी जणू पहिल्यांदाच ओलांडला.

दादा मायसमोर उभा राहिला. पिशवी पुढं करावी की मागं घ्यावी हे त्याला कळेना. "माय, घ्याले आलो तुले."

"मोह सरला का?"

"सरत आला."

"मंग आता येऊन करू काय? अन् उद्या या समद्यायले कोन आणन?" तिनं मागं हात केला. पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले, "साहेब, आम्ही बाईंना सोडणार नाही."

दादा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "दादा, पिशवी रिकामीच घेऊन जा." हे म्हणताना मला एवढा आनंद झाला की तो लपवताही आला नाही. त्यानं डोळे पुसले आणि उन्हाला दोष दिला.

पण माय आमच्याकडे लक्ष देत नव्हती. ती मोजत होती. पुढून सुरुवात करून एकेकाच्या खांद्याला हात लावत, ओठ हलवत. काठीवाली, राखणवाली, तिसरी, दोन्ही म्हाताऱ्या, पोस्टमास्तर. सगळ्यात शेवटी माझ्याजवळ आली आणि तिचा हात माझ्या खांद्यावर राहिला. गेल्या उन्हाळ्यापासून तिनं डोकी मोजलेली नव्हती. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही.

"सात," ती म्हणाली. "सगळे हायेत." आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

आता रोज असंच चालतं. जत्था वाढला आहे, कधी बारा, कधी पंधरा. माझी जागा अजून मधातच आहे आणि या वर्षी रस्ता सुरक्षेचा माइक मी मायच्या हातात देणार आहे, हेडसरांना अजून सांगितलेलं नाही. पलीकडे पोहोचल्यावर शाळेची घंटा ऐकू येत असते. पहिल्या आठवड्यात एकदा मी घाईनं मधूनच निघाले होते. तिनं मागून हाक मारली, "मोजू तं दे!" तेव्हापासून कितीही उशीर झाला तरी तिचा हात माझ्या खांद्याला लागेपर्यंत मी हलत नाही.